उजव्या खटक्याचा डायनामो

मित्रांनो, मी एक जुना डायनामो आहे. सायकलीचा. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. दिसायला मी ठेंगण्या बाटलीसारखा. डोक्यावर कंगोऱ्यांचं एक छोटं चाक, पोटात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. आणि उजव्या कुशीला एक खटका. हा खटका दाबला की मी सायकलीच्या टायरला जाऊन चिकटतो, टायर माझं चाक फिरवतो आणि पुढचा दिवा लागतो. तो खटका उजवीकडे आहे हे तेवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं महाभारत त्याच्यापायी घडलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर आमच्या पोटात तार गुंडाळायची आणि गुंडाळताना गुणगुणायची. बाकी सगळा गोंगाटच. माझ्याबरोबर माझे शेकडो भाऊ जन्मले आणि सगळ्यांचे खटके उजवीकडेच होते. डावा एकही नव्हता. मी हे छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मी तिथे होतो. पुढे लोकांनी यावरून काय काय डोकं लढवलं ते ऐकाल तर हसून हसून पोट दुखेल.

मला पहिलं घर मिळालं ते एका नर्सबाईंच्या सायकलीवर. दिवेलागणीला त्या कामावर निघायच्या. खटका दाबायच्या, मी घर्रर्र करून फिरू लागायचो आणि रस्त्यावर उजेडाचा पिवळा ठिपका पळू लागायचा. बाई जोरात पाय मारू लागल्या की मी लखलखायचो, चढावर त्या दमल्या की मीही मंदावायचो. एकदा शेजारीण त्यांना म्हणाली, "अहो, त्या घर्रर्रने डोकं नाही उठत?" तेव्हा बाई म्हणाल्या, "उलट सोबत वाटते. कुणीतरी बोलतंय असं वाटतं." मित्रांनो, यापेक्षा मोठी शाबासकी मला मिळाली नाही, आणि मला ती पुरली.

मग बॅटरीचे दिवे आले. नर्सबाईंनी स्कूटर घेतली. मला काढून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकलं, खिळे, चाव्या आणि एका कुलपाच्या संगतीत. त्या कुलपाची चावी केव्हाच हरवली होती, त्यामुळे ते कायम तोंड बंद करून असायचं. मला पडून राहायची सवय नाही. फिरणाऱ्याला बसवून ठेवलं की त्याचा जीव कसा गुदमरतो, ते फिरणाऱ्यालाच कळतं. वर्षं गेली. घर बदललं, डबा भंगारात गेला आणि भंगारातून जुन्या वस्तूंच्या दुकानात आला.

आणि इकडे मी डब्यात कुढत असताना, तिकडे लोक माझ्यासाठी जिवाचं रान करत होते!

झालं होतं असं. फार वर्षांपूर्वी अंतराळाचा एक सिनेमा आला होता. त्यातला प्रवासी आकाशात वाट चुकतो. त्याच्यापाशी एक हाकयंत्र असतं. यानाच्या खिडकीशी उभा राहून तो त्या यंत्राचं चाक बाहीवर घासून फिरवतो, यंत्रावरचा दिवा लागतो आणि तो म्हणतो, "घर, ऐकू येतंय का?" त्या प्रसंगाला म्हणे अख्खं थिएटर रडायचं. पण सिनेमासाठी वस्तू बनवणाऱ्या कारागिराकडे अंतराळातलं सामान कुठून असणार? त्याने हाताला लागेल ते जोडून हाकयंत्र केलं होतं. आणि त्याच्या डोक्यावर बसवला होता एक डायनामो, माझाच सख्खा भाऊ.

आता जगात अशी काही माणसं आहेत ज्यांना सिनेमातली वस्तू हुबेहूब तशीच बनवायची असते. नुसती तशी दिसणारी त्यांना चालत नाही. जे सुटे भाग त्या कारागिराने वापरले, तेच त्यांना हवे असतात. त्यासाठी ही मंडळी सिनेमा एका जागी थांबवतात, पडद्याला नाक लावतात आणि नायकाच्या अंगठ्याच्या नखावरून वस्तूचं माप काढतात. हाकयंत्राची नळी निघाली औषध फवारायच्या पंपाची. मूठ निघाली जुन्या फ्रिजच्या दाराची. मी मात्र कुणाच्या बापाला ओळखू येत नव्हतो. कुणी म्हणे मीठदाणी, कुणी म्हणे अत्तराची बाटली. यावरून लोकांची आपसांत भांडणं झाली, बोलणी बंद झाली.

मला ओळखलं ते एका कवळीवाल्याने. म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून पुसून तो फावल्या वेळात हाकयंत्राच्या मागे असायचा. त्याने माझ्या चाकाचे कंगोरे पडद्यावर मोजले आणि थेट सायकलवाल्यांची दुकानं गाठली. पण ओळख पटली आणि नवीनच पेच पडला. सिनेमात ज्या एकाच दृश्यात डायनामो जवळून दिसतो, त्यात खटका आहे डावीकडे. आणि मिळेल तो डायनामो उजव्या खटक्याचा!

मग काय विचारता. डाव्या खटक्याच्या डायनामोचा शोध सुरू झाला. एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं की डावखुऱ्यांसाठी वेगळे डायनामो काढले होते. दुसऱ्याने सांगितलं की तो माल बोटीसकट बुडाला. कवळीवाल्याने बाजार पालथे घातले, पण जो डायनामो मिळे तो उजवाच. असे 'चुकीचे' डायनामो त्याच्या पलंगाखालच्या पेटीत जमत गेले. एक दिवस तो त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आला, त्याने बिस्किटांचा डबा उघडला आणि मला उचललं. माझ्यावरची धूळ त्याने स्वतःच्या सदऱ्याला पुसली. त्याने मला वळवलं, खटका पाहिला आणि "हात्तिच्या!" म्हणून सुस्कारा सोडला. मित्रांनो, इतका जीव लावून मला कुणी उचललं नव्हतं आणि इतक्या पटकन कुणी नाकारलंही नव्हतं.

तरी त्याने मला घरी आणलं, कारण मी सगळ्यांत कमी गंजलेला होतो. आणि मी पेटीत नाही, टेबलावर बसलो. का ते लवकरच कळलं.

कवळीवाल्याला एक मोठी बहीण होती. तो सिनेमा त्या दोघांनी लहानपणी एकत्र पाहिला होता. घरी येताना ताई रडत होती, आणि हा एवढासा भाऊ तिला म्हणाला होता, "रडू नकोस. मी तुला खरं हाकयंत्र करून देतो." आता त्याचे केस पिकले होते, ताई अजूनही त्याला लहान्या म्हणायची आणि हाकयंत्र काही झालं नव्हतं. इतकी वर्षं त्याच्याच घरी राहिलेली ताई तिच्या मुलाकडे दूरदेशी राहायला निघाली होती, कायमची. तिची निघायची वेळ दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपली होती.

त्याच्याकडे पाट्या रंगवणाऱ्या एक बाई यायच्या. त्याच छंदातल्या, आणि एक घाव दोन तुकडे अशा स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "कवळीवाले, डावा आता मिळायचा नाही. ह्याचा खटका कापा आणि डावीकडे जोडा. जोड मी रंगात अशी लपवते की ब्रह्मदेवाला दिसणार नाही."

"चांगला आहे हो तो. कापवत नाही," कवळीवाला म्हणाला.

"मग ताईला काय देणार? उजव्या खटक्याचं खोटं हाकयंत्र?"

त्याने माझ्या खटक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "नाही. तिला खोटं नाही द्यायचं. उद्या सकाळी कापतो."

कापतो म्हणे! खटका कापायचा म्हणजे त्याच्यामागचं माझं अंग फाडावं लागणार, तार तुटणार, आणि मग मी नुसता डायनामोच्या आकाराचा पत्रा उरणार. ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, डावे आम्ही कधी नव्हतोच! पण डायनामोला कुणी फिरवल्याशिवाय आवाज नसतो.

सकाळी त्याने करवत काढून ठेवली. माझ्या अंगाचं तेल निघावं म्हणून मला साबणाच्या पाण्याने धुतलं आणि बेसिनच्या वर आरशापुढे निथळत ठेवलं. स्वतः दाढीला लागला. मी समोर पाहिलं. मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा आरशात स्वतःला बघत होतो. बरा दिसत होतो, खोटं कशाला बोलू? पण आरशातल्या माझ्या अंगावर खटका डावीकडे होता!

"बघ ना रे, बघ," मी मनातल्या मनात धावा करत होतो. त्याने एक गाल साफ केला. दुसऱ्या गालाला वस्तरा लावला. मग वस्तरा थांबला. तो आरशातल्या मला बघत राहिला, मग खालच्या मला, मग पुन्हा आरशातल्या मला. आणि अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून, मला मुठीत धरून तो जो पळत सुटला, तो थेट ताईच्या खोलीत. ताई बॅग भरत होती.

"ताई, त्या सिनेमातल्या हिरोच्या गालावर तीळ होता ना? कुठल्या गालावर?"

"डाव्या," ताई बॅगेतून डोकं वर न काढता म्हणाली. "झोपेतून उठवून विचार, तरी सांगेन."

त्याने तिथेच सिनेमा लावला आणि ते दृश्य आलं तसा थांबवला. तीळ उजव्या गालावर होता.

ताई चष्मा सावरत जवळ आली. "अगंबाई! हा इकडे कधी आला?"

"तुला कधी दिसलं नाही?"

"मी कशी बघणार? हा प्रसंग आला की मी डोळे पुसत असते. आणि तू रे? तू तर हे शंभरदा बघितलं असशील."

"मी डायनामोकडे बघत होतो," लहान्या म्हणाला.

सगळे डायनामोकडेच बघत होते! त्या एका दृश्यात, नायकाचं तोंड आधीच्या दृश्यातल्या खिडकीच्या बाजूला व्हावं म्हणून सिनेमा जोडणाऱ्या संकलकाने चित्रच आरशातल्यासारखं उलटं फिरवलं होतं. इतकी हुशार माणसं, नखावरून माप काढणारी, आणि नायकाच्या तोंडाकडे एकानेही पाहिलं नव्हतं. पाटीवाल्या बाईंना निरोप गेला तशा त्या धावत आल्या, तीळ पाहून कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मी इतकी वर्षं भांडले कशावरून मग?"

मग जी धांदल उडाली ती काय सांगू! नळी आली, मूठ आली, बाईंनी रंगाचे डबे उघडले. मला अखंड, न कापता, माझ्या उजव्या खटक्यासकट वर बसवलं. सिनेमात एक छोटा दिवा आणि एक वायर दिसते, म्हणून त्याने दिव्याची वायर माझ्या पोटाला जोडली. निव्वळ दिसण्यासाठी हं. सिनेमातला दिवा बॅटरीवर लागायचा. मी खरा आहे हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच नव्हतं.

हाकयंत्र ताईच्या हातात आलं. तिने ते आधी नुसतं धरलं. मग लहानपणी गंमत करावी तसं माझं चाक बॅगेवर टेकवून जोरात सरकवलं.

मित्रांनो, किती वर्षांनी मी फिरलो! घर्रर्र! होतं नव्हतं ते सगळं मी त्या तारेत ओतलं, आणि दिवा लागला. अगदी इवलासा, पण लागला.

ताईने पुन्हा चाक सरकवलं, पुन्हा दिवा लागला. "लहान्या," ती म्हणाली, "हे खरंच आहे रे." आणि अर्ध्या तोंडाला वाळलेला साबण घेऊन तो पिकल्या केसांचा माणूस मुसमुसून रडला.

आता मी ताईबरोबर दूरदेशी, तिच्या फोनशेजारच्या फळीवर राहतो. आणि पलंगाखालची ती 'चुकीच्यां'ची पेटी? त्यात एकही चुकीचा निघाला नाही. सगळे मूळचेच बरोबर! त्यातला एक लहान्याच्या स्वतःच्या हाकयंत्रावर बसला, आणि बाकीचे पाटीवाल्या बाईंनी ज्यांच्याशी त्या भांडल्या होत्या त्यांना एकेक करून दिले.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या पत्र्याच्या डब्यात आमच्यापैकी कुणी पडला असेल, तर त्याला जरा पुसा, तेलाचा थेंब द्या, एकदा फिरवून बघा. आणि कुणी चुकीचा आहे असं वाटलंच, तर करवत घेण्याआधी आपण बघतोय ते चित्रच उलटं नाही ना, एवढं तपासा.

सुट्टीच्या दिवशी फोन वाजतो. ताई बोलण्याआधी मला टेबलाच्या कडेवर सरकवते, मी उजळतो आणि ती विचारते, "लहान्या, ऐकू येतंय का?" तिकडून आधी त्याचा आवाज येत नाही. आधी येते एक घर्रर्र. ती मी कुठेही ओळखेन. तो माझा भाऊ आहे.