चष्म्याचं विसर्जन

"दिसलं हो दिसलं! शेवटची ओळसुद्धा दिसली!"

मथुराबाई खुर्चीतून उठून दोन्ही हात वर करून ओरडल्या आणि धानोरीचं ते मंगल कार्यालय नुसतं दणाणलं. टाळ्या, जयजयकार, वर झालेले मोबाइल. स्टेजवर हॅलोजनच्या झगझगीत उजेडात डोळ्यांच्या दवाखान्यात असतो तसा अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. त्याच्या शेजारी रेशमी शाल पांघरून दृष्टिनाथ महाराज उभे होते.

"भक्तहो, समाधीतल्या योग्याचे डोळे आठवा," महाराज म्हणाले. "सताड उघडे असतात का? नाही! अर्धे मिटलेले! आणि तुम्ही? डोळे फाडफाडून सीरियली बघता. मग दृष्टिशक्ती बाहेर सांडणार नाही तर काय होणार? मिटा पापण्या. आणखी थोड्या. हां, शक्ती आत कोंडली. आता वाचा!"

गावच्या भैरोबाला चांगले टपोरे चांदीचे डोळे आहेत, पण ते कुणाला आठवतंय! सगळं कार्यालय डोळे किलकिले करून बसलं होतं आणि खरोखर वाचत होतं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या राधाला नेमका याचाच वैताग आला होता. धादांत खोटं असतं तर बरं झालं असतं. एका वाक्यात निकाल लागला असता. खडकीच्या एका शाळेत ती वर्षानुवर्षं विज्ञान शिकवत होती. लिंबातून रक्त काढणारे बघून झाले, नारळातून केस काढणारे बघून झाले. दर वेळी तिनं उठून बोलायचं, लोकांनी माना डोलवायच्या आणि पुढच्या बुवाकडे पळायचं. आता तिला खरंच कंटाळा आला होता. पण आज गोष्ट घरातली होती.

शेजारी बसलेला तिचा थोरला भाऊ हिंदुराव मुलांची व्हॅन चालवायचा. महिन्यापूर्वी याच शिबिरात त्यानं आपला जाड भिंगांचा चष्मा अर्पण केला होता. अर्पण म्हणजे काय, तर दाराशी ठेवलेल्या हौदात हळदकुंकू वाहून चक्क विसर्जन! 'पुढच्या वर्षी लवकर या' एवढंच म्हणायचं राहिलं होतं. तेव्हापासून तो बिनचष्म्याचा गाडी चालवत होता. आजही दिवेलागणीला क्लास सुटला की व्हॅनभर पोरं घेऊन तो दिवे नसलेल्या रस्त्यानं निघणार होता.

"दादा, आज गाडी नको नेऊस," ती हळूच म्हणाली.

"अगं, दिसतंय मला. मघाशी खालची ओळ वाचली का नाय?"

"वाचलीस. त्याचीच भीती वाटतेय."

शेवटी ती उठलीच. "महाराज, एक शंका होती."

"विचार, माई."

"हे हॅलोजन बंद करून माझ्या भावाला वाचू द्या. त्याला अंधारात मुलं सोडायची असतात. रस्त्यात दिवा धरायला आपण काही येणार नाही."

दोघं-तिघं हसले. महाराजांची शाल जरा घसरली. "तिन्हीसांजेला नेत्रशक्ती विश्राम घेते, माई."

"मग तेव्हा गाडी कोण चालवतं?" राधा म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत भिंतीपाशी जाऊन तिनं बटणं दाबली.

स्टेज काळवंडलं. पडद्यांच्या फटीतून येईल तेवढाच उजेड उरला. हिंदुरावानं पापण्या अर्ध्या मिटल्या, मग पार आवळल्या. "प... नाय, म... थांब जरा." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "राधे, जितकं मिटावं तितकं काळंच होतंय गं."

"मलाही काही दिसेना, बाई!" मथुराबाई घाबरून म्हणाल्या.

राधानं दिवे पुन्हा लावले. शिबिराचंच एक पत्रक उचललं, बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्याला बारीक भोक पाडलं आणि मथुराबाईंना दिलं. "एक डोळा झाका. दुसरा पूर्ण उघडा ठेवा, अजिबात मिटू नका. यातून बघा."

"अगं बया! तस्संच दिसतंय की!"

"म्हणजे सिद्धी आता पत्रकाला प्राप्त झाली."

या वेळी हशा मोठा होता. राधाला मात्र हसू आलं नाही. ती वर्गात बोलते तशी बोलू लागली. "नंबर असलेल्या डोळ्यात एका ठिपक्याचा उजेड आत एका जागी जमत नाही. तो पसरतो, त्याचा डाग होतो. डागात डाग मिसळले की अक्षर पुसट होतं. फट बारीक केली की कडेनं शिरणारा उजेड अडतो आणि मधला तेवढाच आत जातो. डाग लहान होतो, अक्षर उठून दिसतं. पण उजेडही कमी मिळतो, म्हणून दिवा गेला की खेळ खलास. नंबर आहे तेवढाच राहतो. मागच्या बाकावरची मुलगी डोळे बारीक करून फळा बघते, तेव्हा ती सिद्ध झाली असं आम्ही म्हणत नाही. तिला चष्मा लागलाय, असं तिच्या घरी कळवतो."

मग काय झालं? काय व्हायचंय! महाराज 'अश्रद्ध छाया पडली' म्हणत आत गेले. एका सेवेकऱ्यानं चहाची घोषणा केली. काही माणसं विचारात पडली, बरीचशी पुढच्या शिबिराची तारीख विचारायला गेली. राधा खुर्चीत टेकली. तिचे पाय दुखत होते आणि जीव नुसता विटला होता.

शेजारी हिंदुराव गाडीची किल्ली मुठीत धरून बसला होता. तो म्हणाला, "सोमवारी दुसऱ्या गाडीचा हॉर्न ऐकून ब्रेक मारला मी. पुढं बाई हाय, कडेवर पोर हाय, मला दिसलंच नव्हतं. वाचली ती. मी घरी बोललो नाय."

राधा झटकन त्याच्याकडे वळली. ती काही बोलायच्या आत त्यानं पोरांच्या घरी एकेक फोन लावायला घेतला.

"सकीनाताई, व्हॅनवाला बोलतोय. आज सुहानाला तुम्ही घ्यायला या... नाय, गाडी झकास हाय. मला दिसत नाय." त्यानं पलीकडचं ऐकून घेतलं. "व्हय ताई, महिनाभर. चुकलंच माझं. नवा चष्मा होईस्तोवर मी गाडीला हात लावणार नाय."

पलीकडून शिव्या आल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या. पलीकडे ती आई रडत होती.

तेव्हा मंडळी, श्रद्धा कशावर ठेवायची ते ज्याचं त्यानं बघावं. पण चमत्कार स्वतः पारखून घ्या, डोळे डॉक्टरांना दाखवा आणि डोळ्यांना चष्मा सांगितला असेल तर तो घाला. तुमच्या अंधविश्वासाची किंमत दर वेळी तुम्हीच मोजाल असं नाही. ती रस्ता ओलांडणाऱ्या कुणाचं तरी लेकरू मोजेल.