माचाची पुडी

माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची भुकटी घुसळून केलेला जपानी चहा, मला आवडत नव्हता, आणि हे मी कुणापासून लपवलंही नव्हतं. छावणीच्या बाजारात माझं चार टेबलांचं कॉफीचं दुकान आहे. चिकमगळूरच्या एका मळ्यातले दाणे मी स्वतः भाजते, गिऱ्हाईक समोर बसल्यावर दळते आणि कागदी गाळणीवर बारीक धारेनं पाणी सोडते. बेंगळुरूला दोन वर्षं राहून शिकलेय हे. त्यामुळं कुणी 'माचा आहे का?' असं विचारलं, की मी 'नाही' असं काही म्हणायचे की तो माणूस परत विचारायचा नाही.

गिऱ्हाइकं मात्र मोजकी. माझा भाऊ जावेद ईदपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर त्याला त्याच जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. जागा अब्बांची, म्हणजे आम्हा दोघांची, तेव्हा त्याचंही काही चूक नव्हतं. अशात पुण्याहून प्रेरणा मॅडमचा फोन आला. त्या बायकांच्या सहली काढतात. वेरूळला जाणारी त्यांची गाडी आठवड्यातून दोनदा सकाळी आमच्या शहरात थांबते, आणि थांब्यासाठी त्या नवी जागा शोधत होत्या.

"बुधवारी अकरा जणींना घेऊन येते," त्या म्हणाल्या. "पण कॉफी आणि माचा दोन्ही पाहिजे. प्रवासात निम्म्या जणींना कॉफी सोसत नाही. दोन्ही चांगलं निघालं तर थांबा तुमचा."

दुकान वाचणार असेल तर गवतसुद्धा घुसळायची माझी तयारी होती. मी माचाची चकचकीत हिरवी पुडी मागवली, तो घुसळायची बांबूची छोटी रवी मागवली आणि दोन संध्याकाळी झटापट केली. दोन्ही दिवस कपात गुठळ्याच गुठळ्या, आणि चव कडूजहर. बुधवारी जमेलच, असं स्वतःला बजावून मी झोपले. आत्मविश्वास मला कधी कमी पडलेला नाही.

आमचं घर दुकानाच्या मागंच. बुधवारी सातला स्वयंपाकघरात गेले, तर अम्मी स्वतःच्या तळहाताकडं बघत उभी. माझी अम्मी नजमा, छावणीतली जुनी मेंदीवाली. तिची मेंदी राजस्थानहून येते, तीही अशाच चकचकीत हिरव्या पुडीत. नवी पुडी आली, की ती आधी फक्त दोन चमचे भिजवते. चहाचं पाणी, लिंबू, निलगिरीच्या तेलाचे चार थेंब. मग तळहातावर टिकली देऊन रंग बघते, आणि रंग पसंत पडल्याशिवाय नवरीच्या हाताला लावत नाही.

"ही मेंदी लई फालतू निघाली बेटा," ती म्हणाली. "अर्धा तास झाला, रंगच नाय. वास बी पालकासारखा येतोय."

ओट्यावर माझी माचाची पुडी उघडी पडली होती.

माझा पारा चढला. खरं तर दोनच चमचे गेले होते, पुडी जवळजवळ भरलेली होती. पण दोन दिवसांच्या गुठळ्या, जावेदची ईद आणि तासाभरात येणारी गाडी, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "वाचता येत नाही तर हात कशाला लावतेस? हातावर चार रेषा काढणं म्हणजे धंदा नव्हे अम्मी! हा माझा धंदा आहे!"

समोरच्या दुकानात इलियासचाचांचं शिलाई मशीन बंद पडलं, इतका तो आवाज मोठा होता. अम्मी नळाकडं वळली. तिनं हात धुतला. मला त्याच क्षणी लाज वाटली. त्या चार रेषांवरच आमचं घर चाललं, त्यांच्यावरच मी बेंगळुरूला गेले. पण माफी मागायला जीभ वळली नाही, आणि मी पाणी तापवायला ठेवलं.

पहिला कप केला. गुठळ्या.

"चाळलंस का?" मागून अम्मीचा आवाज आला.

"चाळणीनं चाळलंय."

"चाळणी नाय, कापड."

तिनं कपाटातून कोरी मलमलची ओढणी काढली, टर्रकन तुकडा फाडला आणि वाटीवर ताणून त्यातून माचा चाळला. खाली पडलेली भुकटी अंगाला लावायच्या पावडरीइतकी मऊ होती. "मेंदीत एक गुठळी राहिली, की मेंदीच्या कागदी कोनाचं तोंड बंद होतं. नवरी समोर बसलेली असती, तेव्हा काय करणार?" मग तिनं माझ्या किटलीवर हात धरला आणि लगेच मागं घेतला. "एवढं उकळतं? पानं हायेत ती. जळून कडूच होणार."

मी कॉफीच्या सवयीनं पाणी घेत होते. कॉफीला चालतं ते पानांना चालत नाही, हे मला, दोन वर्षं शिकून आलेलीला, सुचलं नव्हतं. अम्मीनं पाणी निवू दिलं, आधी चमचाभर पाण्यात दाट लगदा कालवला, मग रवी फिरवली. वर बारीक हिरवा फेस आला. मी घोट घेतला आणि मला तो आवडला. हे सांगताना अजूनही जड जातं.

आठला गाडी आली. अकरा जणी दुकानात शिरल्या आणि कालवा सुरू झाला. त्यांतल्या सर्वांत वडील मनकर्णाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, दिवसभर लेणी चढायची आहेत. पहाटेपासून पोटात काही नाही, आणि मला पित्ताचा त्रास आहे. मी काय घेऊ?"

माझ्या हातात ताजी दळलेली कॉफी होती. तिचा वास दुकानभर पसरला होता. "आधी दोन बिस्किटं खा," मी म्हणाले, "आणि माचा घ्या. कॉफी परत येताना, पोटभर जेवून."

त्या हसल्या आणि माझ्या शेजारी माचा घुसळत उभ्या असलेल्या अम्मीकडं वळल्या. शेवटी सहा जणींनी माचा घेतला, पाच जणींनी कॉफी. कॉफीवाल्यांपैकी तिघींनी दुसरा कप मागितला, हेही सांगून ठेवते.

प्रेरणा मॅडमनी दोन्ही कप रिकामे केले. "बुधवार आणि शनिवार, थांबा तुमचा," त्या म्हणाल्या. "एकच अट. माचा काकूंच्याच हातचा पाहिजे."

माझा जीव भांड्यात पडला. एवढ्यात अम्मीनं ओढणीचा तुकडा झटकला आणि शांतपणे म्हणाली, "नाय जमणार."

"का हो काकू?"

"हिला विचारा. मेंदीवालीचं काम म्हंजे धंदा नाय, असं सकाळी बोलली ही. मग हिच्या धंद्यात मी कशाला हात घालू?"

अकरा जणी कप हातात धरून माझ्याकडं बघायला लागल्या. मी अम्मीच्या जवळ गेले. "अम्मी, चुकलं माझं," मी हळूच म्हणाले.

"सकाळी अशी हळू बोलली होतीस व्हय?"

नव्हते. मी दुकानाच्या उंबऱ्यावर गेले आणि सकाळी चढवला होता तेवढाच आवाज चढवला. "माझ्या अम्मीचं काम माझ्या कामापेक्षा जुनं आहे! तिच्यामुळंच मी इथं उभी आहे! मी चुकीचं बोलले!"

समोरचं शिलाई मशीन पुन्हा थांबलं. "ऐकलं बेटा, ऐकलं," इलियासचाचा आतून ओरडले.

मी डोळे पुसत मागं वळले. अम्मी माझ्याकडं बघतही नव्हती. ती प्रेरणा मॅडमना विचारत होती, "शनिवारी किती जणी येणार?"