चौथ्या चौकटीतला नवरदेव

साकोलीच्या बसस्टँडसमोर खेमराजचा फोटो स्टुडिओ होता, आणि खेमराजचा एक नियम होता: एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा हातानं करायचं नाही. एका फोटोवर सगळं करून कॉम्प्युटरला दाखवायचं. चेहरा उजळ, मागे लाल मखमली पडदा, कडेला सोनेरी रेघ. मग अख्खं फोल्डर त्याच्यापुढे ठेवायचं, एक बटण दाबायचं आणि टपरीवर चहा प्यायला जायचं. चहा संपेपर्यंत दोनशे माणसं गोरी झालेली असत. झालेलं काम उघडून पाहणं हा खेमराजला कॉम्प्युटरचा अपमान वाटे.

त्या वर्षी साकोलीत एकवीस जोडप्यांचा सामूहिक विवाह झाला. फोटोचं काम खेमराजला मिळालं. त्याच मांडवात चौथ्या क्रमांकावर त्याचं स्वतःचं लग्नही होतं. दोन्ही कामं त्यानं एका दिवसात उरकली. मंगलाष्टकं संपली, माळ घालून झाली, की मुंडावळ्या कानामागे सारून गडी कॅमेऱ्यामागे उभा. आधी एकवीस नवऱ्या एकेक करून खुर्चीवर बसवल्या, मग नवरदेव.

त्याची नवरी रेणू म्हणाली, "अन् तुमचा कोन काढन?"

"पाहू मंग. मी काम करून राहिलो ना."

कॅमेरा तो दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसे. पण रेणूला तो फोटो हवा होता. तिचे वडील पुंडलिकराव पाय मोडून खाटेवर पडले होते आणि लेकीच्या लग्नाला येऊ शकले नव्हते. निघताना ती त्यांना सांगून आली होती, दोघांचा फोटो घेऊन येते. पुढच्या रविवारी माहेरी जायचं होतं.

खेमराजनं दोन फोल्डरं केली, बटण दाबलं, चहा प्यायला गेला. उजळून झाल्यावर कॉम्प्युटरनं सगळ्यांना नवे क्रमांक दिले, कारण त्याला तसं सांगितलंच होतं. नवऱ्या एकवीस होत्या. नवरदेव वीसच होते, कारण चौथा फोटो काढत होता. कॉम्प्युटरनं चौकशी केली नाही. पाचवा नवरदेव चौथा झाला, सहावा पाचवा, आणि रांग मुकाट्यानं एकेक पाऊल पुढे सरकली. नागपूरच्या लॅबवाल्यानं क्रमांक पाहून प्रत्येक चौकटीत डावीकडे नवरदेव, उजवीकडे नवरी बसवली, आणि विवाह समितीनं भेटीच्या आलमारीसोबत त्या घरोघरी पोचवल्या.

चौथी चौकट गुरुवारी खेमराजच्या घरी आली. त्याच्या आईनं, सुमित्राबाईनं, कागद फाडला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"खेमराज, सून तं आपलीच हाय. हा कोन हाय?"

खेमराजनं पाहिलं. "दिघोरीचा अमर. पाच नंबर."

"मंग आपल्या घरी काहून येऊन राहिला?"

रेणूनं चौकट हातात घेतली, लाल पडद्यासमोर परक्या माणसाशेजारी बसलेलं स्वतःला पाहिलं आणि ती आत निघून गेली. तिला रडू आलं होतं, आणि खेमराजला ते ऐकू येत होतं. तो बोटं मोजत बसला. सतरा घरांत सून आपली आणि नवरदेव पुढच्या घरचा, असा हिशेब निघाला. शेवटच्या घरी तर नवरदेवच नाही.

शुक्रवारी पहाटेच त्यानं अमरला चौकटीतून काढून पाकिटात घातलं आणि मोटारसायकल काढली. रेणू मागे बसली. दिघोरीला अमर आपल्या चौकटीत बसला, तिथला सहावा नवरदेव पाकिटात आला. सहाव्याच्या घरी सातवा मिळाला. दोन घरं तर गोंदिया जिल्ह्यात गेलेली. एकच जिल्हा तुटून त्याचे दोन झाले त्याला दहा वर्षं झाली होती, सोयरीक काही तुटली नव्हती.

नवव्या घरी कोणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं. चौकटीला हळदकुंकू लावून भिंतीवर टांगलं होतं. नवरदेवाची आई रुखमाबाई म्हणाली, "लेकरू थोडं येगळं दिसून राहिलं, पन सगळेच तसे दिसतेत. मी म्हटलं, लग्नाचं तेज असन." खेमराजनं मान खाली घालून खिळे काढले. सगळे नवरदेव खरोखरच एका माळेचे मणी झाले होते, आणि ही माळ त्यानंच ओवली होती.

शनिवारी दुपारी सानगडीला शेवटचं घर लागलं. तिथली नवरी गुड्डी दोन दिवस चौकटीत एकटीच बसली होती, आणि तिच्या सासूनं, शकुनबाईनं, अपशकुन म्हणून ती उलटी करून ठेवली होती. एकविसावा नवरदेव आत बसला. पाकीट रिकामं झालं. शकुनबाईनं चहा दिला आणि विचारलं, "बापा, पन कमी कोन पडला होता?"

"मी," खेमराज म्हणाला.

घरी आल्यावर डावीकडची जागा रिकामी होती. सतरा घरचे नवरदेव जागेवर बसवून आलेला माणूस स्वतःच्या चौकटीत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खेमराज म्हणाला, "चेहरा माह्या मतदान कार्डावरून घेतो. शेरवानी अमरची लावतो. कोनाले समजत नाही."

"मले समजते ना," रेणू म्हणाली. "मांडवात तुमी फोटोतही नव्हते अन् माह्याजवळही नव्हते. आता मतदान कार्डाशी लगन लावता का माह्यं?"

तिनं ट्रंकेतून मुंडावळ्या काढल्या, स्टुडिओत जाऊन त्याच्या कपाळाला बांधल्या, त्याला स्टुलावर बसवलं आणि हात पुढे केला. खेमराजनं त्या हाताकडे पाहिलं, आणि गळ्यातला कॅमेरा काढून तिला दिला. आवळलेला पाय मोकळा व्हावा तसं वाटलं त्याला, आणि थोडी लाजही वाटली. तिनं एकदाच बटण दाबलं.

फोटो कललेला आला. खेमराज काळासावळा होता तसाच दिसत होता आणि मागे स्टुडिओचं कॅलेंडर होतं. सवयीनं त्याचा हात माउसकडे गेला. एक बटण, आणि पडदा, उजेड, सोनेरी रेघ.

"राहू द्या," रेणू म्हणाली. त्यानं राहू दिलं.

रविवारी पुंडलिकरावांनी चौकट छातीवर टेकवून खूप वेळ पाहिली. "शेजारच्याच्या पोरीचं लगन बी त्याच मांडवात झालं. पाह्यला मी त्याहीचा फोटो. तो नवरदेव कोनाचाही म्हनून खपला असता." मग त्यांनी डावीकडे बोट ठेवलं. "हा जवाई मातर आमचाच हाय."

त्यांच्या खाटेसमोरच चौकट टांगली. ती कलली आहे असं वाटून खेमराज सरळ करायला उठला. चौकट सरळच होती. तो परत रेणूशेजारी येऊन बसला.