आडाच्या तळाशी बोललेलं खरं

मित्रांनो, मी लातूरच्या एका घरातला जुना पोहरा आहे आणि जन्माचा भित्रा आहे. आडातून पाणी काढणं हे माझं काम, आणि भीती वाटते ती नेमकी अंधाराची.

गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत एका लोहारानं मला पत्र्यातून ठोकून काढलं. पहिला घाव बसला तेव्हाच कळलं, हे जग आपल्यासारख्यांचं नाही. गुरुपादप्पा नावाच्या किराणा दुकानदारानं मला घरी आणलं, कडीला नवा दोर बांधला आणि परसातल्या आडात सोडलं. जाताना मी भिंतीला आपटत, खणखणत गेलो. वर आलो तेव्हा त्यांची बायको गौरम्मा म्हणाली, "बरा हाय. गळत न्हाई." एवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

पुढं गुरुपादप्पा वारले. घरात गौरम्मा आणि तिची नात नीलम्मा दोघीच राहिल्या. नीलम्मा कॉलेजात जायची आणि आजीला अव्वा म्हणायची. त्या सुमारास लातूर जिल्हा झालं. कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या, बदलून आलेले कारकून खोल्या शोधत गल्लोगल्ली फिरू लागले. सगळं वाढलं, पाणी तेवढं वाढलं नाही. नंतर तर पावसानं तोंडच फिरवलं. मी आडात पडायचो तो थेट तळाच्या दगडावर, आणि वर येताना माझ्यात गाळच जास्त असायचा.

अशा दिवसांत करुणा दारात आली. ती भोकरकडच्या खेड्यातली, नीलम्माच्याच वर्गातली. पाणी नाही म्हणून वसतिगृह बंद झालं होतं आणि परीक्षा तोंडावर आली होती. करुणा कॅथलिक होती. त्या दिवशी राखेचा बुधवार होता. ईस्टरआधीचा उपासाचा काळ त्या दिवशी सुरू होतो आणि चर्चमध्ये फादर प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात. ती चर्चमधली सकाळची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आटोपून तशीच खोली शोधत निघाली होती. उन्हानं घाम येऊन कपाळावरचा राखेचा क्रूस फिसकटला होता.

लिंगायतांच्या घरात रोज कपाळाला भस्म लावतात. गौरम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं कपाळ पाहिलं आणि पुढं काही विचारलंच नाही. "आपल्यातलीच हाय गं," ती नीलम्माला म्हणाली. "भस्म लावून हिंडती बिचारी. राहू दे मागच्या खोलीत."

करुणानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधीच्या दोन-तीन दारांत तिनं खरं सांगितलं होतं, आणि ती दारं लागली होती. हे दार लागलं तर परीक्षेवर पाणी सोडून गावी जायचं, एवढंच उरलं होतं.

तेव्हापासून त्या घरात भिणारे आम्ही दोघं झालो.

पोहऱ्यानं पाणी येईना, तेव्हा करुणा आडात उतरू लागली. दोर तिच्या कमरेला, मी तिच्या खांद्यावर. भिंतीतल्या खोबणींत पाय देत ती उतरायची आणि नीलम्मा वरून हळूहळू दोर सोडायची. तळाशी पोचली की करुणा दोर सोडून माझ्या कडीला बांधायची आणि वाटीनं पाणी माझ्यात भरायची. मी वर जायचो, खाली यायचो. हंडे भरले की शेवटी नुसता दोर तिच्यासाठी यायचा. मधल्या वेळात तिला धरायला काहीच नसायचं.

नीलम्मा जीव लावणारी पोरगी. एका ताटात दोघी जेवायच्या, एकमेकींना प्रश्न विचारून अभ्यास करायच्या. पण करुणा प्रत्येक हसण्यानंतर दचकायची. तिच्या गळ्यातला दोरा पाहून अव्वा समजायची, त्यात इष्टलिंग आहे. तो दोरा होता छोट्या क्रूसाचा. पूजेच्या वेळी करुणा आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. रविवारी मिस्सेला जाताना "काकांकडं जाती" म्हणायची.

खरी करुणा फक्त मला दिसायची, तळाशी. तिथं ती क्रूस बाहेर काढून ओठांना लावायची. "प्रभू, तुझ्यावर भरवसा हाय म्हनती, आन माणसाला भिऊन खोटं बोलती," ती पुटपुटायची. "एवढी परीक्षा होऊ दे. मग सांगती." मला वाटायचं, पोरी, देव तुला धरतो तो नीलम्माच्या हातांनी धरतो, आणि तिलाच तू फसवतेस. पण पोहऱ्याचं कोण ऐकतं?

मग ती सकाळ उजाडली. नीलम्मा काठावर वाकून मला वर घेत होती. तिच्या गळ्यातला दोरा झिजला होता, तो तुटला, आणि इष्टलिंगाची चांदीची डबी माझ्या शेजारून खाली गेली. लिंगायताचं लिंग जन्मल्यापासून अंगावर असतं. ते हरवणं म्हणजे जीव गेल्यासारखंच. नीलम्मा काठ धरून खाली बसली.

"करुणे, माझं लिंग पडलं गं," तिचा आवाज चिरकला. "अव्वाला कळायच्या आत काढ. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई आमी, पर तू आपल्यातलीच हाईस."

तिनं घाईघाईनं मला परत खाली सोडलं. डबी उघडली होती आणि काळं लिंग गाळात अर्धं रुतलं होतं. करुणानं हात पुढं केला आणि थांबवला. उचलून माझ्यात टाकलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं. तिनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"नीलम्मा," ती म्हणाली, "मी तुमच्यातली न्हाई. ख्रिस्ती हाय. त्या दिवशी कपाळाला होती ती आमच्या चर्चची राख. भेले म्हनून बोलले न्हाई. आता तुझ्या देवाला फसवून हात लावू कशी? तू सांग, लावू का?"

माझ्या कडीचा दोर एकदा ताणला आणि पुन्हा ढिला पडला. आडात आवाज घुमतो, तसा गप्पपणाही घुमतो. माझ्या पत्र्याला काटा येत असता तर तेव्हा आला असता.

"पदरात घे. पोहऱ्यात ठिव," शेवटी वरून कोरडा आवाज आला.

करुणानं ओढणीच्या पदरात लिंग धरलं, माझ्यातल्या पाण्यानं गाळ धुतला आणि डबीत घालून ते माझ्यात ठेवलं. मी वर निघालो, आणि माझ्याबरोबर दोरही निघाला. खाली ती एकटी राहिली.

काठावर नीलम्मानं डबी छातीशी धरली. दोर तिच्या पायाशी वेटोळा होऊन पडला होता. ती आडाकडं पाठ करून बसली आणि रडू लागली. "एका ताटात जेवली माझ्या," ती स्वतःशीच म्हणत होती. "रोज हसून राहिली माझ्यासंगं." खालून हाक आली नाही. फक्त 'नमो मरिया' या प्रार्थनेचे शब्द येत होते, हळू, पुन्हा पुन्हा अडखळत. मित्रांनो, मला हात असते तर मीच तो दोर ढकलला असता. मला नुसती कडी आहे.

तेवढ्यात काठी टेकत गौरम्मा परसात आली. "पोरगी खाली, आन दोर वर कसा?"

"अव्वा, ती ख्रिस्ती हाय," नीलम्मा म्हणाली. "आपल्याला खोटं बोलली."

गौरम्मानं काठी आडाच्या काठाला टेकवली. "ख्रिस्ती असंल तर दोराबिगर वर येईल व्हय?" ती म्हणाली. "आधी दोर सोड. रागवायचं मग बघू."

नीलम्मानं डोळे पुसले आणि दोर सोडला. करुणा वर आली तेव्हा, दोराविना चढू बघताना, तिची बोटं सोलली होती. गौरम्मानं तिला एवढंच विचारलं, "माझ्या घरात भिऊन राहिलीस? मला भेलीस?"

त्या दिवशी गौरम्मानं मठाच्या स्वामींना बोलावून लिंगाची पूजा करून घेतली. करुणानं मागच्या खोलीत ट्रंक भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक घेऊन परसात आली, तर काठावर नीलम्मा उभी होती. मी तिच्या खांद्यावर. आडात कधी न उतरलेली ती पोरगी, माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती. तिनं दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक करुणापुढं धरलं.

"तुझी बोटं सोलल्यात. आज मी उतरती," ती खाली बघत म्हणाली. "तू धर."

करुणानं ट्रंक ठेवली आणि दोर धरला. क्रूस आज तिच्या कुडत्यावर बाहेर होता.

मित्रांनो, माझ्या बुडाला आता भोक पडलंय. मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, तुमच्या घरी कुणी भिऊन राहत असेल तर त्याचं भय त्याला विचारा. आणि भिणारे तुम्ही असाल, तर ज्याच्या हाती दोर देता त्याला आपण कोण ते सांगा. मला आजही अंधाराची भीती वाटते. पण त्या सकाळी नीलम्माबरोबर खाली जाताना मी वर पाहिलं. काठावर करुणा पाय रोवून उभी होती, आणि तिच्या मागून गौरम्माचा आवाज आला, "घट धर गं करुणे. मला ही एकच नात हाय."