बोललेला माल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे, पण शाळेतला नव्हे. मंचरला चंपालाल शेठचं शेतीसामानाचं दुकान आहे, तिथे मी राहतो. जुन्नरच्या नवाब मिस्त्रींनी मला सागवानाच्या फळ्या जोडून घडवलं आणि माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने चार रकाने आखले: गोदामात, वाटेत, कारखान्यात आणि बोललेला.

गिऱ्हाइकाला शब्द दिला, की तो माल 'बोललेला' होतो. मग तो गोदामात असला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही, हा शेठचा नेम. माझ्याकडे पाहिल्याशिवाय ते कधी तारीख देत नसत. शेतकरी म्हणायचे, "शेठच्या फळ्यावर आलं म्हंजी माल आला." तेव्हा मी फुशारून जात असे.

पुढे शेठच्या सूनबाई चेतना यांनी कॉम्प्युटर आणला आणि मला दाराआड टांगलं. शेठ सवयीने माझ्यावर लिहीत राहिले, पण वाचणारं कुणी उरलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

गेल्या हंगामात एका सोमवारी अवसरीच्या रत्नाताई आल्या. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरायला त्यांना मल्चिंग पेपरची दहा बंडलं हवी होती.

"वहिनी, उद्या मिळतील ना? बुधवारी रोपं येणार. आठ हजार रोपं हायेत, उन्हात ठिवली तर जातील सगळी."

कॉम्प्युटरवर चौदा बंडलं दिसत होती. चेतनाताईंनी बेधडक 'उद्या सकाळी' सांगून टाकलं. रत्नाताई गेल्यावर शेठनी दार ओढून मला पुढे केलं. चौदातली आठ बेल्ह्याच्या हौशीरामभाऊंना बोललेली होती! मोकळी होती सहाच. चेतनाताईंचा चेहरा उतरला.

मग सासरे-सून माझ्यासमोर उभे राहिले. कारखान्याचा माल? आठवडा लागेल. वाटेतला ट्रक? गुरुवारी येईल, तोवर रोपं माना टाकतील. नारायणगावच्या व्यापाऱ्याकडे होता, पण पातळ कागद. तो महिन्यात फाटला असता. राहिली हौशीरामभाऊंची बंडलं. त्यांची लागण पुढच्या सोमवारी होती.

"पप्पा, त्यातली चार देऊ या का?"

"आधी विचारायचं. माल त्यांचा आहे," शेठ म्हणाले आणि चेतनाताईंनी स्वतः हौशीरामभाऊंना फोन लावून चूक कबूल केली, आणि चार बंडलं गुरुवारच्या ट्रकमधून दिली तर चालतील का, असं विचारलं.

"आवं वहिनी, मला बेस्तरवारी मिळालं तरी लई झालं," हौशीरामभाऊ हसले. "रोपं काय कुणासाठी थांबत्यात व्हय? द्या त्या ताईला."

मंगळवारी सकाळी तालिबभाईंचा टेम्पो दहा बंडलं घेऊन अवसरीला पोहोचला. बुधवारी आठही हजार रोपं मातीत उभी राहिली. गुरुवारी ट्रक आला आणि हौशीरामभाऊंचा शब्दही पुरा झाला. माझी छाती फळीभर रुंदावली!

त्याच दिवशी चेतनाताईंनी 'बोललेला' हा रकाना कॉम्प्युटरमध्ये घातला आणि मला गल्ल्यामागे, सगळ्यांना दिसेल असं टांगलं.

मित्रांनो, माझ्यावर ओलं फडकं फिरवू नका, लाकूड फुगतं. आणि कुणाला दिवस सांगण्याआधी, आहे त्यातलं किती आधीच कुणाला बोललेलं आहे ते बघा. परवा रत्नाताई पुन्हा आल्या, टोमॅटोची झाडं बांधायला सुतळी घ्यायला. चेतनाताईंनी सगळे रकाने पाहिले आणि म्हणाल्या, "शनिवारी मिळेल. आधी नाही."

रत्नाताई लगेच उठल्या. "मंग मी मजूर शनिवारचेच सांगते," म्हणाल्या, आणि निघाल्या.