क्षाराचा थर

कारकुनाने परीक्षेचा अर्ज उलटसुलट करून पाहिला, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि कागद काउंटरवरून परत सरकवला. "वयाची अट आलीय यंदापासून. पन्नासच्या आत पाहिजे. तुम्ही दोन महिन्यांनी हुकलात."

वाफकाकांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते मात्र सुटल्यासारखं. त्या सुटकेचीच त्यांना मग वाटभर लाज वाटत राहिली.

मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरामागे बॉयलरची खोली होती आणि तिथे ते बावीस वर्षं काम करत होते. चादरी धुवायला, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायला लागणारी सगळी वाफ त्यांच्या हातून जायची, म्हणून धुलाईघरातल्या बायकांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं. त्यांच्याकडे दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र होतं. पहिल्या वर्गाचं असतं तर ते बॉयलरघराचे प्रमुख झाले असते. त्यासाठी ते चार वेळा परीक्षेला बसले आणि चारही वेळा आपटले. पहिल्यांदा बायकोने हौसेने बसवलं होतं. नंतर मेव्हण्याला बढती मिळाली म्हणून बसले, मग दोनदा नापास झाल्याचा डाग पुसायला बसले. चौथ्यांदा का बसले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दर वेळी तेच जाडजूड पुस्तक आणि तीच घोकंपट्टी. हॉलमध्ये पेपर हातात पडला की तळहात घामेजायचे आणि पाठ केलेलं सगळं भुर्रकन उडून जायचं.

प्रमुखाची जागा महिन्याभरात भरली. आलेल्या मॅडम तिशीच्याही आतल्या होत्या. वाफकाकांनी मनाशी ठरवून टाकलं, जेवढ्यास तेवढं बोलायचं. मॅडम रोज सगळ्या काट्यांवरचे आकडे टिपून घ्यायच्या, काका रोज खोली झाडून ठेवायचे. पंधरा दिवस असेच गेले.

मग एका दुपारी वाफकाका नेहमीच्या सवयीने धुराड्याच्या पायथ्याशी गेले. वीतभर अंतरावर तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. "मॅडम, नळ्या साफ करायला झाल्यात."

मॅडमनी काटे पाहिले. दाब ठीक होता, पाणीही ठीक होतं. कशावरून म्हणता, असं त्यांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. काका म्हणाले, धुराडं नेहमीपेक्षा जास्त तापलंय, आणि हल्ली हा इंधनही फार खातो. मॅडमनी पंधरा दिवसांच्या नोंदी काढल्या. धुराड्याचं तापमान दिवसाला एखाद्या अंशाने, कुणाच्या डोळ्यांत न भरता, वर चढत गेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी बॉयलर थंड करून उघडला. नळ्यांच्या अंगावर नखाएवढं जाड पांढरं कवच धरलं होतं. मॅडमनी त्याचा एक तुकडा खरवडून काकांच्या हातावर ठेवला. "पुस्तकातलं हेच ते, काका. क्षाराचा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. मग ती धुराड्यावाटे निघून जाते."

काका तुकड्याकडे बघत राहिले. हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. सातव्या प्रकरणात, डाव्या पानावर, वरून तिसरं. चारही परीक्षांना त्यांनी ते घोकलं होतं. आणि धुराड्याची धग तर ते बावीस वर्षं ओळखत होते. पण त्या वाक्याची आणि या तळहाताची आजवर कधी गाठ पडली नव्हती.

घरी येऊन त्यांनी कपाटावरून पुस्तक खाली काढलं. आता कशाला, वय उलटलं ना, असं बायकोने काळजीने विचारलं. एक गोष्ट बघायचीय, ते म्हणाले. एकीतून दुसरी निघाली, दुसरीतून दहावी. रोज कामावर जाण्याआधी चहाबरोबर ते चार पानं वाचू लागले. आपल्या बॉयलरचा कुठला चाळा कुठल्या पानावर लिहिलाय हे शोधताना त्यांना ओळखीची माणसं भेटल्यासारखं व्हायचं. अडलं की ते मॅडमना विचारत, आणि मॅडमचं घोडं अडलं की त्या यांना. "मला अठ्ठ्याऐंशी टक्के होते," त्या एकदा म्हणाल्या, "पण नळ्यांवरचा थर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला."

यंदाची परीक्षा झाली. मॅडमची एक मैत्रीण त्या परीक्षेला बसली होती. तिच्याकडचा पेपर मिळेल का, असं काकांनी जरा चाचरतच विचारलं.

सुट्टीच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर ते पेपर सोडवायला बसले. बायकोने घड्याळ समोर आणून ठेवलं आणि पर्यवेक्षकाचं काम फारच मनावर घेतलं. बोलायला आलेल्या शेजारणीला, परीक्षा चालू आहे, असं सांगून दारातूनच परत पाठवलं. तीन तास होताच कागद ओढून घेतले. दोन मिनिटं दे म्हटलं तर नियम म्हणजे नियम. कागद गेल्यावर काकांनी आपले तळहात पाहिले. कोरडे होते.

मॅडमनी लाल पेनने कसून तपासलं, कुठे दयामाया दाखवली नाही. एक उत्तर पुरतं कापलं होतं. पातळी दाखवणाऱ्या काचेत बॉयलरमधलं पाणी एकाएकी दिसेनासं झालं तर सर्वांत आधी काय कराल? काकांनी लिहिलं होतं, धुलाईघरातल्या बायकांना बाहेर व्हायला सांगेन आणि आग बंद करेन.

"आधी आग बंद करायची, काका. पुस्तकात तसंच आहे."

"आग बंद करायला हात लागतो, मॅडम. तोंड तेव्हा मोकळंच असतं."

मॅडम हसल्या, पण गुण काही दिले नाहीत. बेरीज एकाहत्तर झाली. पास व्हायला पन्नास लागत होते. वयाच्या अटीबद्दल त्या काहीतरी बोलायला गेल्या, तोवर काका कागद घेऊन उठले होते.

घरी बायको भांडी विसळत होती. त्यांनी आकडा सांगितला. तिने हात पुसले, सगळी पानं एकेक करून पाहिली. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, ती फक्त लाल आकडे वाचत होती. शेवटच्या पानावर जरा थांबली.

"याचं काय मिळणार?"

"काही नाही."

"मग पुस्तक ठेवून देऊ वर?"

"नको. तीन प्रकरणं राहिलीत अजून."

"ती परीक्षेला असतात?"

"नाही."

तिने विसळलेल्या ताटल्या टेबलाच्या एका कडेला सरकवल्या, फडक्याने लाकूड कोरडं केलं आणि पुस्तक तिथे आणून ठेवलं.