तीच राखाडी पॅन्ट

खोटं करायचंच तर सफाईने करावं, एवढं तरी शिवणकामाने मला शिकवलंय. मी असं सफाईने केलं, की पाच वर्षं माझ्या सख्ख्या भावाला पत्ता लागला नाही. आणि तो भाऊ कोण, तर स्वतः कटर.

आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. पुढे काउंटर, मागे दोन मशिनी आणि कापायचं लांब टेबल. तो कापड बेततो, कापतो, मी शिवते. माझ्याहून सात वर्षांनी धाकटा, पण सगळे त्याला मास्तर म्हणतात म्हणून मीही म्हणते. सहा वर्षांपूर्वी मास्तरला आवाज ऐकू यायला लागले. चार महिने त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला कळलं तेव्हा कापडाच्या अख्ख्या गठ्ठ्याच्या बोटबोट रुंद पट्ट्या टेबलाखाली पडल्या होत्या आणि मास्तर कोपऱ्यात उभा राहून कुणाची तरी माफी मागत होता. मग दवाखाना, मग रोजची गोळी. गोळीने आवाज गेले. माझा भाऊ मला परत मिळाला. त्या गोळीला हात जोडायचे तेवढे मी बाकी ठेवले होते.

पण गोळीबरोबर भूकही आली. जेवून उठला की अर्ध्या तासात स्वयंपाकघरात डबे वाजायचे. वजन वाढायला लागलं आणि मी घाबरले. स्वतःचं पोट बघून याने गोळीच टाकून दिली तर? म्हणून मी ती करामत सुरू केली. त्याच्या सगळ्या पॅन्टी आमच्याच राखाडी कापडाच्या. तो शाळेत मापं घ्यायला गेला की मी कमरेची शिवण उसवायची आणि आत दाबलेलं कापड सोडायचं. ते संपलं की तशीच नवी पॅन्ट शिवायची, चार वेळा धुवायची आणि जुनीच्या जागी अडकवायची. खिशाजवळचा शाईचा डागसुद्धा मी आठवणीने पाडायचे. एवढी मेहनत मी माझ्या लग्नाच्या कपड्यांवर घेतली नव्हती.

जुने डॉक्टर भला माणूस. "झोप लागते? आवाज नाहीत? छान," की लगेच चिठ्ठी. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मास्तरला वजनकाट्यावर उभं केलं, रक्त तपासायला लावलं. वजन अठ्ठ्याण्णव, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

"वजन कधीपासून वाढतंय?" त्यांनी विचारलं.

"वाढलेलं नाही," मास्तर शांतपणे म्हणाला. "ही पॅन्ट सहा वर्षांपूर्वीची आहे. तुमचा काटा तपासून घ्या."

बाईंनी सहा वर्षांपूर्वीचा पहिला कागद पुढे सरकवला. त्यावर बहात्तर लिहिलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण तिथे मी हात टेकले. शेवटी सांगून टाकलं सगळं, डागासकट.

मला वाटलं, आता हा चिडणार. त्याने मांडीवरचं कापड चिमटीत धरून बघितलं. मग म्हणाला, "ताई, मला कळत होतं. जिना चढताना दम लागायचा, वाकलो की पोट आडवं यायचं. पण पॅन्ट तर बरोबर बसायची. म्हणून मला वाटलं, जाड झालोय हेसुद्धा माझ्या डोक्यातलंच. आवाजांसारखं. म्हणून बोललो नाही."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. ज्याचं मन जपायला एवढा खटाटोप, त्यालाच मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू दिला नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुसरी गोळी आहे, तिने वजन सहसा एवढं वाढत नाही. पण काहींचे पाय स्वस्थ बसत नाहीत, झोप कमी होते. आणि बदलताना जुना त्रास डोकं वर काढू शकतो. म्हणून जुनी एकदम बंद करायची नाही. ती पायरीपायरीने कमी, नवी पायरीपायरीने जास्त.

"इकडे आड, तिकडे विहीर," मी म्हटलं. "नकोच ते. जाड तर जाड. माझा भाऊ ताळ्यावर आहे, मला तेवढं पुरे."

"पण पोट माझं आहे ना," मास्तर म्हणाला. "आणि बाबा साखरेनेच गेले. मला बदलून बघायचंय. फक्त एक कर. मला जे होईल ते मी तुला सांगेन, तू मला जे आहे ते सांगायचं. पुन्हा उसवाउसवी नको."

मी मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात पाय सुरू झाले. मास्तर कापताना टेबलाभोवती फिरायचा, उभ्या उभ्या पाय बदलायचा. बाईंना कळवलं, त्यांनी नव्या गोळीची मात्रा जरा खाली आणली, पाय निवले. भूकही ओसरली, एक दिवस तर जेवणाचा डबाच विसरून आला. मी आनंदाने माझ्यातलं अर्धं दिलं.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी मी सुईत दोरा ओवत होते. मास्तर कात्री चालवता चालवता थांबला.

"ताई, आत्ता तू मला हाक मारलीस?"

दुकानात आम्ही दोघंच. बाहेर चिटपाखरू नाही. 'हो रे, मीच' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. तो सुखाने कापत राहिला असता, मी सुखाने शिवत राहिले असते.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच मारली नाही."

त्याचा चेहरा उतरला. त्याने कात्री खाली ठेवली. "मग ते तेच. सकाळपासून तिसऱ्यांदा."

आणि त्याने स्वतः बाईंना फोन लावला. किती वेळा, कधी, नुसतं नाव की आणखी काही, सगळं नीट सांगितलं. बाई म्हणाल्या, जुनी गोळी कमी करायची घाई नको, एक पायरी मागे जाऊ, परवा येऊन भेटा, वाढलं तर त्याआधीच या. पाच मिनिटांत फोन संपला. मागच्या वेळी चार महिने लागले होते. मी मशिनीवर डोकं टेकून रडले.

"मागे तू रडशील म्हणून सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाला.

"मग आता रडतेय ती कोण?"

"रड की. पण कापडावर नको, डाग पडेल."

ठरल्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर काट्यावर तीन किलो कमी भरलं. हाका आणखी चार दिवस येत राहिल्या. दर वेळी तो विचारायचा, "तू?" आणि मी सांगायचे, "नाही." दोघंही कामाला लागायचो. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी आतून चहासाठी हाक मारली. तो दारात आला आणि सवयीने म्हणाला, "तू?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्याने पुन्हा विचारलं नाही. कप उचलला आणि माझ्या शेजारी बसला.